नीलूने तपासलेली वाक्यं

काचीगुडा, हैदराबाद
१५ जून १९९७

नीलू बाळा, आणि हे तिला वाचून दाखवणारे गिरीशराव,

दोघांनाही इकडून आशीर्वाद. गिरीशराव, तुम्हाला दर वेळी हा त्रास. पण तुमच्या बायकोला कॉन्व्हेंटात घातली ती आमचीच करणी, आणि माझं लपेटदार अक्षर तिला दोन ओळींपुढे लागत नाही. तुम्ही पुण्याचे, तुमचं मराठी पक्कं. जेवणं झाली की वाचा, घाई नाही.

नीलू, एक गंमत सांगायची आहे. मी इंग्रजीच्या क्लासला जाते. हसलीस ना? नारायणगुड्यात शिवणाच्या दुकानावरच्या मजल्यावर मेधा नावाची मुलगी क्लास घेते. तुझ्याच वयाची असेल. बाकी सगळी पोरं अमेरिकेला निघालेली. कॉम्प्युटर शिकून झालाय, आता बोलायला शिकतायत. त्यांच्यात पिकल्या केसांचे आम्ही दोघंच, मी आणि बेगम बाजारातले मसाल्याचे व्यापारी हिम्मतराव. हिम्मतरावांना मिरची परदेशी पाठवायची आहे. मेधाने मला विचारलं, काकू, तुम्हाला काय पाठवायचंय? मी म्हटलं, काही नाही गं, मुलगी आधीच पाठवलीय.

तुझ्या बाबांची रोज थट्टा चालू आहे. परवा म्हणाले, "इंदुमतीबाई, या वयात काय तहसीलदार होण्याचा इरादा आहे?" मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर सरकारी इंग्रजी लिहिलंत, मला एक अक्षर शिकवलंत का? तर म्हणाले, "ते इंग्रजी बोलायचं नसतं, त्यावर सही करायची असते."

रविवारचा फोन चांगला लागला. तू म्हणालीस, छान आहे. तब्येत छान, घर छान, हवा छान. मी विचारलं, जेवायला काय केलंस, तर गिरीशराव दुसऱ्या फोनवरून म्हणाले, भरली वांगी. मी विचारलं, झोप लागते ना नीट, तर गिरीशराव म्हणाले, लागते. घरात दोन फोन असणं म्हणजे सोयच.

मधे मी स्टेशनजवळच्या बूथवरून तुमच्या सकाळी फोन केला होता. निरोप घेणारं मशीन बोललं. गिरीशरावांचा आवाज मशीनमध्ये फार भारदस्त येतो. मग टूं झालं आणि मी घाबरून फोन ठेवला. मशीनशी काय बोलणार? दिवसा फोन उचलायचा नाही असं ठरलंय म्हणे, कंपन्यांचे लोक काहीबाही विकायला बघतात. टपालपेटीची किल्लीही गिरीशरावांकडेच असते. तू विसरतेस असं ते म्हणाले. तू लहानपणी काय विसरलीस ते मला आठवत नाही, पण असेल.

सोबत माझ्या होमवर्कचा कागद घातलाय. मेधा तपासतेच, पण तू तपासून परत पाठवलास तर मला तुझं अक्षर दिसेल. गिरीशराव, कृपा करून तिलाच तपासू द्या. तुमचं इंग्रजी ऑफिसचं, मोठं. माझ्या चुका बघून तुमचा वेळ जाईल.

प्रकृतीला जपा, दोघंही.
आई

२० जुलै १९९७

नीलू आणि गिरीशराव,

कागद मिळाला. लाल पेन्सिलीने किती ठिकाणी खुणा! "द" मी हळदीकुंकवासारखा प्रत्येक नावाला लावत होते ते आता कळलं. शेवटी तू "गुड" लिहून तारा काढलास. मी तो कागद देवघरात ठेवला होता, तुझ्या बाबांनी काढून टेबलावर आणला. म्हणाले, हा काय प्रसाद आहे?

या आठवड्याचं क्रियापद आहे मूव्ह. मला वाटलं, हलणं, सरकणं. मेधा म्हणाली, तेही आहेच. पण माणसाच्या मनात काही कालवलं, तरी इंग्रजीत हेच वापरतात. मी विचारलं, मग "मला भरून आलं" कसं म्हणायचं? ती म्हणाली, "काकू, मराठीत भरून आपोआप येतं. इंग्रजीत ते कुणीतरी करावं लागतं. कुणी केलं ते आधी सांगायचं, मग कुणाला." मला ते फार आवडलं. आपल्याकडे माणूस बसल्या जागी रडतो आणि कुणाचं नाव घेत नाही. त्यांच्याकडे नाव घेतल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही.

मेधाची एक अट आहे. वाक्य खरं पाहिजे. ती म्हणते, खोटं वाक्य दुसऱ्या दिवशी आठवत नाही. हिम्मतराव उभे राहिले आणि म्हणाले, "द प्राइस ऑफ चिली मूव्ह्ड मी टु टिअर्स." पोरं बाकं बडवायला लागली. मेधा म्हणाली, हसता काय, वाक्य बरोबर आहे. मी म्हटलं, "माय डॉटर्स हँडरायटिंग मूव्ह्ड मी." तेही बरोबर निघालं.

आता एक सांगायचं आहे. गिरीशराव, हे जरा हळू वाचा, आणि आधी तिला खाली बसू द्या. नीलू, आपल्या समोरच्या सावित्रीबाई शुक्रवारी सकाळी गेल्या. फार हाल झाले नाहीत. चहा घेतला, जरा आडव्या होते म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत. तू त्यांच्याच मांडीवर वाढलीस. मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा तुझ्या वेण्या त्या घालायच्या, इतक्या घट्ट की तुझे डोळे वर जायचे. शेवटपर्यंत विचारत होत्या, नीलूचं पत्र आलं का. मी म्हणायची, आलं. फोनवर तुला रडायला आलं तर रड, बिल वाढलं तर वाढू दे. गिरीशराव समजून घेतील.

कागद जोडलाय.
आई

२४ ऑगस्ट १९९७

नीलू आणि गिरीशराव,

गेल्या रविवारच्या फोनवर नीलू म्हणाली, "आई, सावित्रीबाईंना सांग, त्यांच्यासाठी लोकरीचा स्वेटर घेऊन ठेवलाय. निळा."

मी म्हटलं, सांगते.

गिरीशराव, मागच्या पत्राचं शेवटचं पान चिकटून राहिलं असावं. पावसाळ्यात डिंक सुटतो, पानं एकमेकांना धरतात. तुमचा दोष नाही. माझी पत्रंही लांबतात, तुम्ही दिवसभर कामाचे, डोळे मिटत असतील. फोनवर मी काही बोलले नाही, कारण अशी बातमी दुसऱ्या फोनवर कुणी असताना सांगवत नाही. पुन्हा पत्रातही लिहीत नाही. पान चिकटायचं असेल तर पुन्हा चिकटेल.

इकडे सगळं ठीक. आपल्या मागच्या खोलीसाठी भाडेकरू विचारून जातात. गावात कॉम्प्युटरची कामं निघालीत, पुण्याची, मुंबईची पोरं येतायत, खोल्या मिळत नाहीत. सांगतील ते भाडं द्यायला तयार आहेत. तुझे बाबा म्हणतात, देऊन टाकू. मी म्हटलं, थांबा जरा.

क्लासात अजून मूव्हच चालू आहे. मेधाने सांगितलं की एकच क्रियापद घ्या आणि आठवड्यात जे जे घडलं त्या सगळ्याला लावून बघा. तसा कागद केलाय. नीलू, या वेळी नीट बसून तपास. हवं तर खाली तुझीही वाक्यं लिही, मला नमुने होतील. गिरीशराव, तुम्ही त्यात डोकं घालू नका, पोराटोरांची वाक्यं आहेत.

आई

५ ऑक्टोबर १९९७

नीलू,

या पत्रात वर तुझ्या एकटीचं नाव आहे. हे मी टपालात टाकणार नाही. पण लिहिल्यावाचून राहवत नाही, म्हणून लिहिते.

तुझा कागद आला. मी लिहिलं होतं, "सावित्रीबाईज डेथ मूव्ह्ड अवर होल लेन." तू माझा एक शब्द दुरुस्त केलास आणि त्याखाली लिहिलंस, "इट मूव्ह्ड मी टू. आय क्राइड इन द बाथरूम विथ द टॅप रनिंग." नळ सोडून. मी ते वाचलं आणि आपल्या मोरीतला नळ बंद करून आले, तो चालूच नव्हता तरी.

त्याखाली तू लिहिलंस, "आय आस्क्ड हिम फॉर माय पासपोर्ट. ही वॉज नॉट मूव्ह्ड." त्याखाली, "आय आस्क्ड टु कॉल यू अलोन. ही वॉज नॉट मूव्ह्ड." आणि सगळ्यांत खाली, "नथिंग मूव्ह्ज हिम." पुढे माझ्यासाठी तारा काढलास, गुड लिहिलंस, जसं काही झालंच नाही.

मेधाने सांगितलं होतं, कुणी केलं ते आधी येतं. तुझ्या वाक्यात त्या जागी नथिंग आहे. तू काय काय करून पाहिलं असशील ते मी त्या एका शब्दात मोजत बसले.

मी कागद तुझ्या बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग तारीख शोधली, नेहमीप्रमाणे. तारीख नव्हती.

म्हणाले, "ही मिसाल आहे, शिकायत नाही. क्लासात सांगतात ना, वाक्य बनवा. तिने बनवलं."

मी म्हटलं, "वाक्य खरं लागतं, अशी मेधाची अट आहे."

"मेधा न्यू जर्सीत बसलीय का?"

"तुम्हाला वाचून काही वाटलं नाही?"

"वाटण्याचा सवाल नाही. मारतो का? पितो का? नोकरी सोडून बसला का? नाही. मग दरखास्त लिहायची ती कशावर? जावई हलत नाही यावर? आणि कोणाच्या नावे? सांग, कोणत्या ऑफिसात देऊ, आत्ता जातो."

अमेरिकेत आपलं म्हणावं असं कुणी नाही. जे आहेत ते गिरीशरावांचे मित्र. माझ्याकडे पासपोर्ट नाही. घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नाही, बूथवर गेले तर मशीन. तुझ्या गावाचं नाव पाकिटावर लिहिते, पण तोंडाने म्हणायला गेले तर मेधाही हसते. पुण्याला त्यांच्या आईला लिहू म्हटलं, तर त्या म्हणतील, आमचा मुलगा बायकोला पत्रं वाचून दाखवतो, अजून काय करायचं?

आणि तसं मीही म्हणत होते, नीलू. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या आईची पत्रं माझे सासरे बैठकीत मोठ्याने वाचायचे. बाहेरून आलेलं पत्र घरातल्या कर्त्याने वाचायचं, हीच रीत होती. मी दाराआड उभी राहून ऐकायची. आई त्यांच्याबद्दल टोमणे लिहायची, तेही ते खाकरून, घसा साफ करून वाचायचे. एकही ओळ गाळायचे नाहीत. एकदा आईने लिहिलं, "तुझ्या सासऱ्यांना सांग, लेकीला माहेरी धाडायला मुहूर्त लागत नाही." त्यांनी ते वाचलं, घडी घातली, आणि दाराकडे न बघता म्हणाले, "सामान बांधा." म्हणून मला वाटायचं, वाचून दाखवणारा माणूस भरवशाचा असतो. गिरीशरावांनी पहिलं पत्र वाचून दाखवलं असं तू सांगितलंस तेव्हा मी साखर वाटली होती.

त्या दिवशी तुझ्या बाबांनी पानातली भरली वांगी बाजूला सारली. ती त्यांना किती आवडतात तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो पुण्याचा पोरगा खोलीचं आगाऊ भाडं घेऊन आला, तर त्याला दारातूनच म्हणाले, "नक्को. खोली खाली नाही."

आत येऊन मला म्हणाले, "तुझा पुढचा कागद पाठवण्याआधी मला दाखव."

आई

१४ डिसेंबर १९९७

गिरीशराव,

हे पत्र तुम्हालाच. तिला वाचून दाखवायचं की नाही ते तुमच्या हाती आहे, आणि ते कायमच तुमच्या हाती होतं हे मला उशिरा कळलं.

या वेळचा कागद तुम्ही तपासून पाठवलात. निळी शाई, सरळ अक्षर. एकही चूक राहिलेली नाही. मी लिहिलं होतं की मागची खोली रिकामी आहे आणि ती पाहून मला रोज कसं होतं, त्यातला काळ तुम्ही दुरुस्त केलात. बरोबर केलात, मेधाही म्हणाली.

खालची ओळ यांची होती. मी सांगत होते, त्यात काही लिहू नका. पण ज्या माणसाने तीस वर्षं सरकारी कागदांवर शेरे मारले त्याला कोऱ्या जागेत काही न लिहिता कागद पुढे पाठवणं जमत नाही. मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात त्यांनी टाक घेतला आणि लिहिलं, "द अंडरसाइन्ड इज ऑल्सो मूव्ह्ड. फेअर विल बी सेंट ऑन रिसीट ऑफ रिप्लाय." खाली सही, तारीख. पाकीट गेल्यावर मला सांगितलं, अभिमानाने. त्यांना एवढंच इंग्रजी येतं, आणि मुलीसाठी ते त्यांनी पहिल्यांदाच वापरलं होतं. विमानाचं भाडं पाठवतो असं सही करून लिहिल्यावर तो होमवर्क राहत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही "फेअर"च्या आधी "द" घातलात.

आणि शेवटी तुम्ही तुमचं एक वाक्य लिहिलंत, "नीलिमा इज नॉट मूव्ह्ड बाय सच थिंग्ज." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. फोनवर वांगी म्हणालात तसंच हेही तिच्या वतीने म्हणालात. गिरीशराव, हे वाक्य मेधाच्या क्लासात चालणार नाही.

मी तुमच्याशी भांडायला बसलेले नाही. तुम्ही वाईट आहात असं म्हणण्याइतकं मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. लग्नात तुम्ही वाकून नमस्कार केलात, माझी साडी पायात येईल म्हणून हाताने बाजूला केलीत. तोच माणूस असेल असं धरून मागते आहे. एका रविवारी दुसरा फोन खाली ठेवा. नुसता ठेवा, बाहेर जाऊ नका, त्याच खोलीत बसा. मी तिला काही शिकवणार नाही. तिने आपणहून काय जेवली ते सांगितलेलं मला ऐकायचं आहे.

मला तुमच्यापुढे आणखी कसं लिहावं ते कळत नाही. मराठीत लिहिलं तर तुम्ही गाळता, इंग्रजीत लिहिलं तर दुरुस्त करता.

इंदुमती

२६ फेब्रुवारी १९९८

नीलू,

हेही टपालात जाणार नाही. मागच्या खोलीत, तुझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते, त्या ऑक्टोबरच्या पत्राशेजारी.

जानेवारीतला फोन तुला आठवत असेल. तू आई म्हणालीस, आणि मी दुसरा फोन खाली ठेवल्याची खट् ऐकू येते का म्हणून श्वास धरून बसले होते. तू म्हणालीस, छान आहे. खट् आलीच नाही. मी काही बोलणार तोच तुझ्या बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. ते फोनवर "खुशाल?" याच्यापलीकडे कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "बेटा, खोली तयार आहे. घरी ये."

गिरीशराव मधे म्हणाले, "बाबा, मी ऐकतोय."

"हौ," तुझे बाबा म्हणाले, "तुम्ही ऐकावं म्हणूनच मोठ्याने बोललो."

मग कुणीच बोललं नाही. तूही बोलली नाहीस, पण फोन तू ठेवला नाहीस. तुमच्या घरातलं काहीतरी घरघरत होतं, फ्रीज असेल. ते ऐकत आम्ही दोघं एका फोनला कान लावून उभे होतो. शेवटी लाइन कुणीतरी तोडली.

त्यानंतर रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. यांनी विचारलं, "माझं चुकलं का गं?" मी म्हटलं, नाही. मला खरंच माहीत नाही, नीलू. गप्प राहिलो असतो तर तुझा आवाज तरी ऐकू आला असता, छान आहे म्हणणारा. आता तोही नाही. हे दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघतात आणि मला सांगतात की उन्हाला बसलोय.

मेधाच्या क्लासात आता दुसरीच क्रियापदं चालू आहेत. मी जाते, मागे बसते, वाक्यं करत नाही. परवा तिने मला थांबवून घेतलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मशीन असेल ना त्यांच्याकडे? माझ्या भावाकडे आहे शिकागोला."

मी म्हटलं, "आहे की. तो स्वतःच बोलतो त्यात."

"मग टूं झाल्यावर तुम्ही बोला."

"कुणाशी? संध्याकाळी येऊन तोच ऐकणार."

"काकू, टूं झाल्यावर तुम्ही जे बोलता ते त्याच वेळी घरात मोठ्याने ऐकू येतं. फोन न उचलता. आणि ऐकून झालं की पुसायचं एक बटण असतं."

मी तिथेच जिन्यात बसले. जूनमध्ये मी टूं ऐकून फोन ठेवला होता. तू तेव्हा तिथेच असशील, ओट्यापाशी किंवा खिडकीपाशी, आणि मी तुझ्या घरात बोलू शकत होते.

त्या दिवसापासून संध्याकाळी स्टेशनजवळच्या बूथवर जाते. तुमची सकाळ, गिरीशराव ऑफिसला गेलेले. एक वाक्य बोलते आणि ठेवते. पहिल्यांदा घाबरून इंग्रजीत बोलले, "नीलू, धिस इज युवर मदर." बूथवाला हसायला लागला. दुसऱ्या दिवशीपासून मराठीत, अशी वाक्यं: बाबांनी खोलीला रंग लावला. सावित्रीबाईंच्या सुनेने तुझ्या निळ्या स्वेटरबद्दल विचारलं. कढीपत्ता पुन्हा फुटला. पासपोर्ट नसला तरी आपल्या सरकारचं ऑफिस तिथे आहे, ते घरी यायला कागद देतात, बाबांनी चौकशी केली आहे, पत्ता लिहून घे. तो पत्ता मी तीन संध्याकाळी थोडा थोडा सांगितला, हळू, आकडे सुटे सुटे करून. मागून गाड्यांच्या घोषणा होत होत्या, तेलुगूत, हिंदीत, त्यात माझा आवाज तुला लागला की नाही कोण जाणे. तू घरात होतीस की नाही, पुसलंस की नाही, की संध्याकाळी त्यानेच बसून सगळं ऐकलं, मला काहीच कळत नव्हतं. विहिरीत बोलावं तसं चाललं होतं.

काल मी नंबर फिरवला. मशीन सुरू झालं. गिरीशरावांचा तो भारदस्त आवाज, आम्ही घरी नाही, कृपया आपला निरोप, आणि तिथे तो मधेच तुटला. टूं झालं नाही. फोन कुणीतरी उचलला होता.

मागे नळ चालू होता.

मी तोंड उघडलं. सहा महिने एकच क्रियापद उलटंपालटं करत होते, कुणी केलं आणि कुणाला, आणि त्या वेळी मला एकही वाक्य सुचलं नाही. मराठीतलंही नाही. बूथवाला काचेवर टकटक करून मीटर दाखवत होता. मी नुसती उभी होते. मग तो नळ बंद झाला.

तू म्हणालीस, "आई, आज मी नुसता वरणभात खाल्ला."

आणि फोन ठेवलास.

घरी येऊन यांना सांगितलं. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि कोरड्या रंगाला बोट लावून बघत राहिले, वाळलाय की नाही. आज पुन्हा बूथवर जायचं आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. तू उचलशील, किंवा तो घरी थांबलेला असेल आणि तोच उचलेल, किंवा नंबरच बदललेला असेल.

तू आलीस की ही पत्रं काढ. अक्षर लागलं नाही तर मला हाक मार, मी वाचून दाखवीन. मोठ्याने, एकही ओळ न गाळता.

तुझी आई